कानाचा रकाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. जालन्यात मस्तगडला आमच्या घरी रोज चहाला येणारे दोन जुने सहकारी आहेत — त्यांनाही नाही. यातली एक छोटी गोष्ट, फक्त केव्हा घडलं एवढंच, गेल्या सोमवारी एका बाईला सांगितली. का घडलं, ते तिने विचारलं नाही. ते इथे लिहितो.

माझं वय शहात्तर आहे. कागदावर चौऱ्याहत्तर. हा दोन वर्षांचा फरक लक्षात असू द्या, पुढे लागेल.

मी जालन्याच्या एका कॉलेजात तीस वर्षांहून जास्त संख्याशास्त्र शिकवलं. चांगलं शिकवलं, असं लोक म्हणतात. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा पोरगा एम.एस्सी. झाला, प्राध्यापक झाला, पीएच.डी.चा मार्गदर्शक झाला — गावात माझं नाव आहे. जे गावाला माहीत नाही ते हे, की मला प्राध्यापक व्हायचंच नव्हतं. मला ॲक्चुअरी व्हायचं होतं. विम्याचं गणित करणारा माणूस. माणसं कोणत्या वयात किती मरतात याचे तक्ते बांधायचे, त्यावरून हप्ते ठरवायचे, आणि खाली स्वतःची सही करायची — त्या सहीचं मला फार वेड होतं. त्याच्या परीक्षा असतात, एकेक पेपर सोडवत वर्षानुवर्षं जायचं असतं. आयुर्विम्याच्या गणिताचा एक पेपर होता. त्यात मी तीनदा नापास झालो. घरी सांगायचो, प्रशिक्षणाला चाललो. तिसऱ्या निकालानंतर ती पुस्तकं मी कॉलेजच्या ग्रंथालयाला भेट दिली. लोकांनी माझ्या दानतीचं कौतुक केलं.

ही पुस्तकं पंचवीस वर्षं कुणी उघडली नाहीत. मग सुजाताने उघडली.

सुजाता माझ्याच गावची. बौद्ध वस्तीतली. तिची आई आमच्या शेतात खुरपायला यायची, वडील कचरू नवीन जालन्यात एका बियाण्याच्या गोदामावर पोती उचलायचे. ती बी.एस्सी.ला माझ्याकडे आली तेव्हा मला आनंदच झाला होता. खरंच झाला होता — हे मी स्वतःला बरं दाखवायला लिहीत नाही. हुशार पोर, गावची पोर, माझ्यामुळे पुढे जाते आहे, यात सुख होतं. ‘माझ्यामुळे’ हा शब्द जोवर टिकला तोवर सुख टिकलं.

केव्हा बदललं? नेमकं सांगता येईल का? एकदा मी फळ्यावर एक सिद्धता करत होतो. बावीस वर्षं तीच करत आलेलो, फळा दोनदा पुसावा लागायचा. सुजाता तेव्हा एम.एस्सी.ला होती. तिने हात वर केला, म्हणाली, “सर, दुसऱ्या पायरीलाच दोन्हीकडची बेरीज उलटवली तर?” मी खडू तिच्या हातात दिला. चार ओळींत झालं. मी “शाब्बास” म्हणालो, आणि घरी येईपर्यंत त्या चार ओळींत चूक शोधत राहिलो. चूक नव्हती.

मग ती माझ्याकडेच पीएच.डी.ला आली. सोबत विम्याच्या परीक्षाही देऊ लागली. एके दिवशी दुपारी पेढ्यांचा पुडा घेऊन आली. ज्या पेपरात मी तीनदा पडलो तो तिने पहिल्या झटक्यात सोडवला होता.

“सर, ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांवर तुमच्या हातच्या नोंदी होत्या ना, त्यांच्यावरच भागलं बघा,” ती म्हणाली.

मी पेढा खाल्ला. चांगला होता. तिला टोचून बोलायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. टोचून बोलली असती तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर तिच्या प्रबंधाची प्रकरणं माझ्याकडे तपासायला येऊ लागली. लाल पेन घेऊन बसायचो. गणितात काही सापडायचं नाही, म्हणून स्वल्पविराम दुरुस्त करायचो. एका प्रकरणात एकोणचाळीस स्वल्पविराम दुरुस्त केले — मोजले होते. साठीच्या माणसाने! तुम्हाला हसू येईल. मला तेव्हा येत नव्हतं.

तिचा विषय सांगतो, अवघड नाही. आमच्या भागातल्या काही खेड्यांची जीवनसारणी बांधायची — म्हणजे जन्मलेल्या शंभरांपैकी किती जण चाळिशी बघतात, किती साठी, याचा तक्ता. मेलेल्यांची वयं ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत असतात, आणि ती वयं बहुतेक करून शाळेच्या दाखल्यावरून लिहिलेली असतात. दाखल्यावर जन्मतारीख काय? एक जून. निम्म्याहून जास्त गाव एक जूनला जन्मलेलं. तुमच्या घरातही असा एखादा निघेल. शाळा जूनमध्ये भरायची, पोराची तारीख कुणाला ठाऊक नसायची, गुरुजी एक जून लिहायचे आणि साल असं धरायचे की पोर सहाचं भरावं.

हे सगळ्यांना माहीत आहे. सुजाताने पुढचा प्रश्न विचारला. पोर सहाचं आहे हे गुरुजी कशावरून ठरवायचे?

गावोगावच्या म्हाताऱ्यांजवळ बसून तिने ते काढलं. पोराला उभं करायचं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. हात पुरला तर पोर सहाचं, घ्या शाळेत. नाही पुरला तर पुढच्या वर्षी या. आता विचार करा. ज्या घरी दूध-भाकरी आहे त्या पोराचा हात सहाव्या वर्षी पुरतो. ज्या घरी नाही, त्या पोराचा सातव्या, आठव्या, कधी नवव्या वर्षी पुरतो. पण पुरला त्या दिवशी रजिस्टरात लिहिलं जातं — सहा. भूक जेवढी जास्त, तेवढं माणूस कागदावर लहान. आणि मेल्यावरही लहानच. म्हणजे गरीब वस्तीतली माणसं जितकी जगली त्याहून कमी जगली, असं तक्ता सांगणार. प्रत्येक वस्तीला किती वर्षं वाढवून धरायची याचं तिने गणित बसवलं होतं. म्हाताऱ्या बायांना विचारून — मोठ्या दुष्काळात खडी फोडायला गेल्ता तेव्हा हा किती होता, अमकीच्या लग्नात रांगत होता का चालत होता — एकेक वय जुळवलेलं.

“मी याला कान-गुणक म्हणते, सर,” ती हसत म्हणाली. मग हसू गेलं. “हे न्हाई केलं तर माझे मोठे काका कागदावर तीन वर्षं कमी जगले असं होतंय. माझ्याच हातानं.”

ते प्रकरण मी एका दुपारी वाचून संपवलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं.

कारण आमच्या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक माझे सख्खे चुलते होते. आबा. हात डोक्यावरून न्यायला लावणारे तेच. मी शाळेच्या ओट्यावर खेळत असताना ती रांग बघितली आहे. पोरं मान तिरकी करून कानाची पाळी पकडायची धडपड करायची, आम्ही हसायचो. मी पुढे संख्याशास्त्र शिकलो, मोजमापातल्या चुकांवर तीस वर्षं व्याख्यानं दिली — आणि ही चूक डोळ्यांसमोर असून मला कधी दिसली नाही. जिच्या घरातल्या कुणाचाच हात वेळेवर पुरला नव्हता, तिला दिसली.

माझ्या मनात तेव्हा काय आलं? सगळं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. मनात आलं — आमच्या शेतात खुरपणारीची पोर. याच शब्दांत आलं. मी जात मानत नाही असं सभांमधून बोललेला माणूस मी. ते शब्द बाहेरून कुणी आणून टाकले नव्हते, ते आतच होते.

आबांनी एक खाजगी वही ठेवलेली होती, हे मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. “सरकारला एक जून लागते, पण लेकरू काही एक जूनला जन्मत न्हाई,” असं ते म्हणायचे. सुजाताला समितीपुढे प्रबंध मांडायचा होता, त्या सादरीकरणाच्या आठ दिवस आधी मी गावी गेलो आणि लोखंडी पेटीतून ती वही काढली. धुवट कापडात बांधलेली. पोराचं नाव, आईने सांगितलेला खरा जन्म, आणि शेवटी एक रकाना — ‘कान’. दर जूनला आबा त्यात लिहायचे, हात पुरतो की नाही. सुजाताचं सगळं प्रकरण त्या वहीत आबांच्या बोरूच्या अक्षरात सिद्ध होऊन पडलं होतं. अशी वही आहे याची तिला कल्पनाही नव्हती.

मी वही मस्तगडला आणली. कपाटात ठेवली. कुलूप लावलं.

मी ती तिला द्यायला आणली होती का? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो, हो, द्यायलाच आणली होती, ऐनवेळी कच खाल्ली. पण द्यायची वस्तू माणूस कुलपात ठेवतो का?

प्रबंध दाखल करण्याआधी समितीपुढे सादरीकरण असतं. बाहेरच्या विद्यापीठाचे एक तज्ज्ञ आले होते. माणूस सज्जन, पण कागदाचा. सुजाता चाळीस मिनिटं बोलली. इतकं स्वच्छ बोललेलं मी त्या खोलीत कुणाला ऐकलं नव्हतं, मला स्वतःला धरून. शेवटी तज्ज्ञांनी चष्मा काढला.

“मॅडम, कल्पना सुंदर आहे. पण म्हाताऱ्या बायांच्या आठवणींवर मी प्रकरण उभं राहू देऊ का? लेखी काही आहे?”

“लेखी न्हाई, सर.” मग तिचा चेहरा उजळला. ती माझ्याकडे वळली. “पण आमचे सर त्याच गावचे आहेत. त्यांचे चुलतेच हेडमास्तर होते. सर सांगतील की.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. तीही. इतक्या भरवशाने माझ्याकडे त्याआधी कुणी बघितलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

मी म्हणालो, “माझ्या माहितीत असं काही नव्हतं. आबा जन्मतारखेची खात्री करूनच नोंद करायचे. या ऐकीव गोष्टी आहेत.”

झालं. एवढंच. एका श्वासात बोलून झालं.

प्रकरण वगळायला सांगितलं गेलं. न सुधारलेल्या वयांवरचा तक्ता ठेवून प्रबंध दाखल झाला, तिला पदवी मिळाली. त्या तक्त्याखाली तिची सही आहे, आणि मार्गदर्शक म्हणून माझीही. सहीचं वेड होतं ना मला — अशी फिटली हौस.

इथे मी तुम्हाला एक सोयीचं कारण देऊ शकतो. मघाशी म्हणालो, माझं कागदावरचं वय दोन वर्षांनी कमी आहे. आबांनी मला घरी शिकवून, त्या रांगेत उभं न करता, आठव्या वर्षी शाळेत घातलं आणि रजिस्टरात सहा लिहिलं, पुढे नोकरीत दोन वर्षं जास्त मिळावीत म्हणून. त्या सादरीकरणाच्या दिवशी कागदावर मला निवृत्तीला सव्वा वर्ष बाकी होतं. खरं धरलं तर नऊ महिन्यांपूर्वीच मी घरी बसायला हवा होतो. त्या खुर्चीत मी बसलो होतो तेच खोट्या वयावर. आबांचं रजिस्टर खोटं आहे असं म्हटलं असतं तर कुणी विचारलं असतं, मग तुमचं हो वय? म्हणजे मी घाबरलो होतो — असं सांगता येईल. भित्र्या माणसाला लोक माफ करतात.

पण ते खरं नाही. भीती नंतर सुचली, घरी येताना, रिक्षात. तोंड उघडलं तेव्हा मनात एकच गोष्ट होती — हे हिला मिळू नये. पेढ्याची चव होती. फळ्यावरच्या चार ओळी होत्या. माझ्या घरातली वही, माझे चुलते, माझं गाव, माझं शास्त्र — आणि नाव हिचं होणार. ते होऊ नये, एवढंच हवं होतं. आणि ते म्हणताना मला बरं वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुजाता माझ्या केबिनमध्ये आली. मला वाटलं भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

ती म्हणाली, “सर, सॉरी. तुम्हाला न विचारता तुमचं नाव घेतलं सगळ्यांसमोर. माझंच चुकलं. बायांच्या गप्पांत मी वाहवत गेले. तुम्ही नसता तर चुकीचं छापून आलं असतं.”

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या गणितावर नाही, माझ्यावर. मी म्हणालो, “असू दे, शिकतानाच चुका होतात.” हे मी म्हणालो. मला या वाक्याची समितीतल्या वाक्याहून जास्त लाज वाटते.

विम्याचे उरलेले पेपर तिने दिले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायची, आकड्यामागचं दिसतं असं वाटायचं, पण न्हाई दिसत मला, भास होतो. नवीन जालन्यात बारावीचे क्लास घेते. गर्दी असते. दर शिक्षकदिनाला मला फोन करते. पंधरा वर्षं झाली, एकही चुकला नाही.

आणि कचरू, सुजाताचे वडील. तीन वर्षांपूर्वी स्टेशन रोडला भेटले. अजून पोती उचलत होते. मी विचारलं, “काय कचरू, आराम करायचा न्हाई का आता?”

“कशाचा आराम, सर! निराधारच्या पगारीला गेल्तो तर साहेब म्हनला, पासष्ट भरू द्या. कागद म्हंतो बासष्ट, अन् गुडघे म्हंतेत सत्तर. आता कोनाचं आयकावं?” स्वतःच खो खो हसले. मग जरा जवळ येऊन म्हणाले, “तुमी तर वयाचेच मास्तर हाव. बराबर किती असंन ओ माझं?”

पासष्ट. वहीत वाचलं होतं. त्या क्षणी तोंडावर आलं होतं.

“कागद म्हणतो तेच धरून चालायचं,” मी म्हणालो.

“मंग उचलतो अजून तीन वर्षं,” म्हणाले, आणि गेले. खरोखर तेवढीच उचलली. या उन्हाळ्यात वारले. जलदान विधीला मी गेलो होतो. मंडपात त्यांचा फोटो, खाली छापलेलं — वय ६५. मृत्यूचा अर्ज सुजातानेच भरला होता. म्हणजे नोंदवहीत आणखी एक माणूस तीन वर्षं कमी जगला. तिच्याच हाताने. मी त्या फोटोखाली बसून पाणी प्यायलो आणि उठून आलो.

गेल्या सोमवारी वही घेऊन तिच्या क्लासवर गेलो. कापड सोडलं, वडिलांचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिने बोट ठेवून ओळ वाचली. मनातल्या मनात बेरीज केली, ओठ हलले. “अडुसष्ट,” म्हणाली. मग पानं उलटत गेली, कानाच्या रकान्यावरून बोट खाली नेत, एकेक पान. खूप वेळ. डोकं वर न करता तिने विचारलं,

“वही कधी सापडली, सर?”

कालच, असं म्हणता आलं असतं. जिभेवर होतं.

“सादरीकरणाच्या आठ दिवस आधी.”

तिने वही मिटली. कापड नीट गुंडाळलं, जसं होतं तसं. आत मुलं थांबली होती. ती वही घेऊन आत गेली. ‘येते’ म्हणाली नाही, ‘सर’ही म्हणाली नाही.

सुजाताचं प्रकरण बरोबर होतं. मला ते माहीत होतं. मी तिच्यावर जळत होतो, म्हणून खोटं बोललो.

वहीतल्या दोन ओळी मी देण्याआधी उतरवून घेतल्या होत्या. कचरू, जन्म पोळ्याच्या आदल्या दिवशी. पहिला जून — हात पुरत नाही. दुसरा जून — हात पुरत नाही. तिसरा जून — हात पुरत नाही. चौथा — पुरला. दहा पानं आधी माझं नाव आहे. जन्म नवरात्रात, तिसऱ्या माळेला. त्यापुढे कानाचा रकाना कोरा आहे.